पाचवं ‘का’

दुपारी बारा चाळीसला जिएन युएलिंगचा हात पाकिटाच्या तळाला लागला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ काहीतरी खातोय. मक्याचे कुरकुरे होते, खोबऱ्याच्या चवीचे. चांगले होते. तिने बोटं चाटली, अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं आणि सहज पाकिटाकडे पाहिलं. पाकीट हिरवं होतं. त्यावर जाड काळ्या पेनाने तारीख घातलेली होती आणि खाली नऊ जणांच्या सह्या होत्या. नववी सही तिची स्वतःची होती.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटचा घास गालातच राहिला. गिळावा, की निदान एवढा तरी परत ठेवावा, हे तिला कळेना.

तैवानमधल्या सिंचू शहराच्या सायन्स पार्कात यंत्रावर हिरवं पाकीट ठेवल्याशिवाय कुणी यंत्र सुरू करत नाही. यंत्राने शहाण्या मुलासारखं वागावं म्हणून त्याला दिलेला हा खाऊ. पाकीट हिरवंच लागतं, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळं ठेवलं तर यंत्र कुरकुरतं आणि लाल ठेवलं तर सरळ बसतं. पाकिटाची मुदत उलटू द्यायची नाही. आणि यंत्राचा खाऊ माणसाने खायचा नाही, मग जीव गेला तरी बेहत्तर. परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेले इंजिनियर आधी या सगळ्याला हसतात आणि मग हळूच पाकिटावरची तारीख बघून घेतात. युएलिंगचाही विश्वास नव्हता. पण विश्वास नसणं वेगळं आणि पाकीट फस्त करणं वेगळं.

त्यातून हे पाकीट होतं ‘म्हाताऱ्या’वरचं. म्हातारा म्हणजे कंपनीतला सगळ्यात जुना सर्व्हर, वय वर्षं चौदा. गिऱ्हाइकांच्या कारखान्यांतली यंत्रं आजारी पडण्याआधीच ओळखायचं काम तो करी. स्वतःच्या आजाराबद्दल मात्र आधी काही सांगायची त्याला सवय नव्हती.

आता ही बाई भर दुपारी सर्व्हर रूममध्ये काय करत होती? कादंबरी लिहीत होती. साडेबाराला ऑफिसात दिवे मालवायचे आणि प्रत्येकाने टेबलावर उशी ठेवून तासभर झोपायचं, ही तिथली रीत. पन्नास माणसं झोपलेली असताना कीबोर्ड टकटकवणं म्हणजे वैर ओढवून घेणं. घरी सासरे आणि त्यांचा टीव्ही, मुलगी आणि तिचा गृहपाठ, नवरा आणि त्याचं ‘माझे मोजे कुठे आहेत’. म्हणून अकरा महिने ती ही झोपेची वेळ चोरून सर्व्हर रूममध्ये आणत होती. तिथे एकोणीस अंशांचा गारठा होता, म्हणून पायाशी एक छोटा हिटर लावायचा आणि अंगात पफ जाकीट घालायचं. चोवीस तासांतला तेवढा एकच तास तिचा होता. बाकीच्या तेवीस तासांत ती त्या तासाची वाट बघे.

तिची पहिली कादंबरी सहा वर्षांपूर्वी टोपणनावाने आली होती. तीनशे प्रती खपल्या. त्यातल्या चाळीस वडिलांनी घेऊन नातेवाइकांना वाटल्या. नातेवाइकांनी त्या इतक्या जपून ठेवल्या आहेत की उघडलेल्यासुद्धा नाहीत. तैपेईच्या संपादकबाई दर सहा महिन्यांनी ‘दुसरी झाली का?’ विचारत. गेल्या वर्षापासून त्यांनीही विचारणं सोडलं, आणि ते न विचारणं युएलिंगला फार लागलं होतं. आता फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं. किलुंग बंदराच्या धक्क्यावर एक बाई हातात पिशवी घेऊन उभी आहे, समोर धुकं आहे, आणि दूरच्या बेटावर शिपाई म्हणून गेलेला तिचा माणूस वाट बघतोय. बोट लागलीय. ही बाई पंधरा दिवस तशीच उभी होती. आज पहिल्यांदा तिने पाऊल उचललं होतं आणि त्याच आनंदात युएलिंगचा हात नकळत वर, पाकिटाकडे गेला होता.

तेवढ्यात म्हाताऱ्याने तीनदा बीप केलं आणि त्याचा हिरवा दिवा लाल झाला.

‘‘नाही, नाही,’’ युएलिंग त्याला म्हणाली, ‘‘असं काही नसतं. आपण दोघंही शिकलेले आहोत.’’

म्हाताऱ्याचा तोही दिवा गेला. पायाशी हिटरही गार पडला होता, पण तिकडे बघायला ती भानावर कुठे होती? तिने रिकामं पाकीट जाकिटात कोंबलं. बाहेर धोक्याची घंटा वाजली आणि पन्नास उशांवरून पन्नास डोकी उठली. पहिला धावत आला तो आहोंग, सर्व्हर रूमचा इनचार्ज. पन्नाशीचा माणूस, पण गालावर उशीच्या झालरीची नक्षी उमटलेली.

‘‘काय झालं? तू आधीच इथे?’’

‘‘मी... घंटा ऐकली.’’

‘‘घंटा आत्ता वाजली.’’

‘‘माझे कान तिखट आहेत,’’ युएलिंग म्हणाली. ‘‘तू बघ, मी तुझ्यासाठी कॉफी आणते.’’

आहोंगने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो गुडघ्यांवर बसून वायरींमध्ये शिरला होता. त्याने मान वर करून पाकिटाची जागा बघायच्या आत नवं पाकीट आणायचं, एवढंच तिला सुचत होतं. सिंचूचा वारा तोंडावर घेत ती कोपऱ्यावरच्या दुकानात पोचली.

‘‘हिरवं?’’ दुकानातली मुलगी म्हणाली. ‘‘ताई, कालच सगळ्या कंपन्यांची पूजा झाली ना? सातवा महिना, भुतांचा. दुपारपर्यंत एक हिरवं राहिलं नाही. पिवळं देऊ? भुतांना रंगाचं काही नसतं.’’

‘‘भुतांना नकोय. सर्व्हरला हवंय.’’

‘‘अगंबाई,’’ मुलीने हात जोडले. ‘‘मग पिवळं नकोच नेऊ.’’

दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्या दुकानात, पोळीभाजीच्या गाड्यासारख्या एवढ्याशा जागेत, एक म्हातारे आजोबा शेंगदाणे फोडत बसले होते. त्यांच्या मागे, बिल छापायच्या मशीनवर, हिरवंगार पाकीट होतं.

‘‘आजोबा, ते द्या.’’

‘‘ते विकायचं नाही. ते मशीनचं आहे.’’

‘‘आजोबा, माझी नोकरी जाईल हो!’’

‘‘आणि माझं मशीन गेलं तर?’’ आजोबांनी एक दाणा तोंडात टाकला. ‘‘पण तुमचं पाकीट गेलं कुठे?’’

आजोबांनी तिच्या जाकिटाच्या कॉलरकडे पाहिलं. कॉलरवर पिवळसर भुगा होता. त्यांची फोडणारी बोटं थांबली.

‘‘खाल्लंस?’’ ते हळूच म्हणाले, जणू तिने देवळातला नैवेद्य पळवला होता. मग त्यांनी उठून पाकीट मशीनवरून काढलं आणि स्वतःच्या पोटाशी धरलं.

शेवटी तिने तेच केलं जे इंजिनियर माणूस मुदत संपत आल्यावर करतो. आतलं काम राहू दिलं आणि बाहेरून दिसेल तेवढं नीट केलं. परत येऊन ऑफिसच्या बाथरूममध्ये रिकाम्या पाकिटात फुंकर भरली, तोंड चिकटपट्टीने बंद केलं आणि सह्यांची बाजू पुढे करून पाकीट म्हाताऱ्यावर ठेवलं. गंमत म्हणजे त्याच क्षणी खाली आहोंगने फ्यूजचं बटण वर केलं आणि म्हातारा हिरवा झाला. बोलाफुलाला गाठ पडली.

‘‘चालू झाला!’’ आहोंग ओरडला. सेक्शनचे मुख्य त्सेंग साहेब दारात उभे होते. तिसेक वर्षं याच धंद्यात घालवलेला, कमी बोलणारा, कपाळावर कायम एक आठी असलेला माणूस. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं आणि पाकिटाला मान लवून नमस्कार केला.

इथे सगळं मिटलं असतं. पण फ्यूजबरोबर बंद पडलेला एसीही पुन्हा सुरू झाला. पहिल्याच झोतासरशी पाकीट उचललं गेलं, खोलीभर संथपणे तरंगलं आणि साहेबांच्या बुटांवर येऊन अलगद बसलं. लादी पुसणाऱ्या लो मावशींनी ते उचललं, तळहातावर तोललं आणि कानाशी हलवलं.

‘‘साहेब,’’ त्या म्हणाल्या, ‘‘याच्यात कुणी नाहीये.’’

मीटिंग तिथल्या तिथे बोलावली गेली. म्हातारा सत्तेचाळीस मिनिटं बंद होता आणि ताइचुंगच्या गिऱ्हाइकाचे बारा फोन येऊन गेले होते. टेबलाच्या मधोमध चपटं झालेलं हिरवं पाकीट ठेवलं होतं. सगळे त्याच्याकडे असे बघत होते की जणू घरात काही बरंवाईट झालंय.

‘‘कॅमेरा बघू या,’’ आहोंग म्हणाला.

‘‘नको,’’ युएलिंग उभी राहिली. चोराच्या मनात चांदणं असतं, पण तिच्या मनात आता भर दुपार झाली होती. ‘‘मी खाल्लं. पण साहेब, सर्व्हर त्यामुळे बंद पडला नाही. मी पायाशी हिटर लावला होता, त्याच्याने फ्यूज उडाला. खरं कारण हिटर आहे.’’

‘‘हिटर ठीक आहे,’’ त्सेंग साहेब म्हणाले. ‘‘हिटर काढता येतो. पाकीट का खाल्लंस?’’

‘‘चुकून.’’

‘‘अख्खं पाकीट? चुकून?’’

‘‘आणि हिटर कशाला लागला?’’ आहोंग म्हणाला. ‘‘पाच मिनिटांच्या कामाला कुणी हिटर नेतं का?’’

मग सांगावंच लागलं. अकरा महिने, रोज दुपारी, कादंबरी. कंपनीत तिने हे कुणाला कधी कळू दिलं नव्हतं. कारण ज्याच्यापाशी लिहायला वेळ आहे त्याच्यापाशी आणखी एका प्रोजेक्टलाही वेळ आहे, असं तिथलं गणित. तिला वाटलं होतं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही, आणि त्याने तिला जास्तच उघडं पडल्यासारखं झालं.

‘‘सर्व्हर रूमचं तुझं कार्ड आजपासून बंद,’’ साहेब म्हणाले. ‘‘उद्या सकाळी अहवाल. पाच ‘का’सकट.’’

पाच ‘का’ म्हणजे कंपनीचा छापील फॉर्म. काही बिघडलं की ‘का?’ विचारायचं, उत्तराला पुन्हा ‘का?’, असं पाच वेळा. पाचव्याला मूळ कारण सापडतंच, अशी साहेबांची श्रद्धा होती. युएलिंगने आजवर असे शंभरेक फॉर्म भरले होते. दुपारी चारला ती भरायला बसली.

पाकीट का खाल्लं? भूक लागली म्हणून. भूक का लागली? डबा ऑफिसातल्या डबे गरम करायच्या वाफेच्या पेटीतच राहिला, खाल्ला नाही म्हणून. का खाल्ला नाही? त्या वेळात लिहीत होते म्हणून. त्याच वेळात का? कारण दिवसातला दुसरा एकही तास माझा नाही.

पाचवा प्रश्न होता, मुळात का लिहितेस?

तिने लिहिलं, ‘आवड म्हणून.’ खोडलं. आवड तर तिला तळलेल्या टोफूचीही होती, त्याच्यासाठी ती अकरा महिने गारठ्यात बसली नसती. ‘सवय म्हणून’ लिहिलं, तेही खोडलं. फॉर्मवर उत्तराला एक ओळ होती. त्या एका ओळीसमोर ती अर्धा तास बसली आणि मग तिला रडू आलं. कारण हा प्रश्न तिला सहा वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. नवऱ्याने नाही, वडिलांनी नाही, संपादकबाईंनीही नाही. विचारला तो कुणी, तर एका फॉर्मने.

मग ती लिहीत सुटली. तो तास आता गेला होता, उद्यापासून परत मिळणार नव्हता, तेव्हा राखून ठेवायचं काय? किलुंगच्या धक्क्यावरची बाई, तिची पिशवी, पिशवीतले मिठात मुरवलेले मनुके, धुक्यात बोटीचा भोंगा ऐकून तिच्या पोटऱ्यांत येणारी कळ. त्या बाईला तिथे उभं केल्यावर तिला एकटीला सोडून घरी जाता येत नाही, म्हणून मी लिहिते, असं तिने लिहिलं. शेवटी पाचवं उत्तर अकरा पानांचं झालं आणि ती बाई पाऊल उचलते तिथे संपलं.

अहवालावर सहा खात्यांच्या सह्या लागत. म्हणजे सहा खात्यांनी तो वाचायचा. आजवर कुठलाच अहवाल कुणी वाचला नव्हता, नुसत्या सह्या होत. हा मात्र दोन दिवस फिरला. गुणवत्ता खात्याने शेरा मारला, ‘चौथ्या पानावर धुकं दोनदा पडलं आहे.’ सुरक्षा खात्याने लिहिलं, ‘धक्क्याला कठडा नाही, ही बाब गंभीर.’ लो मावशींची सही लागत नव्हती. तरी त्या तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, ‘‘पोरी, ते मनुके तिच्या आईने मुरवलेत ना? मला वाटलंच.’’

तिसऱ्या दिवशी त्सेंग साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. अहवाल त्यांच्यापुढे होता. सहाव्या सहीची जागा कोरी होती.

‘‘हा अपुरा आहे,’’ ते म्हणाले.

‘‘साहेब, अकरा पानं लिहिलीत.’’

‘‘ती चढली का बोटीवर?’’

युएलिंगला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. साहेब तिच्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर वाऱ्यात झाडं वाकली होती, तिकडे बघत होते.

‘‘मी त्या बेटावर होतो,’’ ते म्हणाले. ‘‘सैन्यात, सक्तीची दोन वर्षं. एक जण किलुंगहून यायची होती. धुक्याने आठ दिवस बोट आली नाही. नवव्या दिवशी आली, तिच्यात ती नव्हती. आता ती निघालीच नव्हती, की आठ दिवस धक्क्यावर थांबून परत गेली, ते मला...’’ कपाळावरची आठी घट्ट झाली. ‘‘तीस वर्षं झाली. बायकोमुलं आहेत, सगळं छान आहे. ते जाऊ दे. ती चढली का?’’

‘‘अजून लिहिलं नाही, साहेब.’’

‘‘मग लिही.’’

‘‘कधी? जेवणाच्या सुट्टीत लिहायचे. तुम्ही कार्ड बंद केलंत.’’

साहेबांनी कार्ड बंद करायच्या आदेशाकडे पाहिलं. त्याच्यावर त्यांचीच सही होती. नियम म्हणजे नियम. असा माणूस स्वतःची सही मागे घेण्यापेक्षा दात काढून घेईल. बराच वेळ ते पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिले.

‘‘दुपारी इथे बस,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘दार उघडं ठेवायचं. मी त्या घडीच्या खाटेवर झोपतो. मला टकटक चालते.’’

अशी युएलिंग दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये बसू लागली. साहेब भिंतीकडे तोंड करून पांघरूण ओढून झोपत, पण झोपत कसले! टकटक चालू असली की पांघरूण निश्चल, आणि थांबली की त्यातून आवाज येई, ‘‘अडलं का?’’ सर्व्हर रूममध्ये तिला गारठ्याचा त्रास होता, पण म्हाताऱ्याने कधी असं विचारलं नव्हतं. सहा वर्षं कुणीतरी वाट बघावी म्हणून ती झुरली होती. आता कुणीतरी हाताच्या अंतरावर पडून वाट बघत होतं आणि तिच्या बोटांना घाम फुटत होता.

कारण शेवट तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. ती बाई चढणार नव्हती. पाऊल उचलणार, फळीवर टेकवणार आणि मागे घेणार. भ्यायली म्हणून नाही आणि प्रेम नव्हतं म्हणूनही नाही. तिला कळतं, की तिने ज्याची वाट बघितली तो माणूस बेटावर नाहीच. तो या धक्क्यावर, या वाट बघण्यातच होता. सगळी कादंबरी त्या एका मागे घेतलेल्या पावलासाठी लिहिलेली होती. दुसरा कुठलाही शेवट खोटा ठरला असता.

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, एक वाजून एकोणीस मिनिटांनी तिने तो लिहिला. बोट धुक्यात गेली, भोंगा लहान होत गेला, बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. युएलिंगने शेवटचा पूर्णविराम दिला. टकटक थांबली आणि ती पुन्हा सुरू होणार नाही हे पांघरुणालाही कळलं असावं.

‘‘झालं?’’

‘‘झालं, साहेब.’’

बाहेर पन्नास माणसं अंधारात गाढ झोपली होती. साहेब वळले नाहीत. पांघरुणाबाहेर त्यांच्या डोक्यामागचे फक्त पांढरे केस दिसत होते.

‘‘चढली?’’

युएलिंगने पडद्याकडे पाहिलं. मग त्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘चढली.’’

पांघरुणातून एक मोठा निःश्वास आला. पाठीचा ताठरपणा हळूहळू गेला आणि मिनिटभरात, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच, साहेब घोरू लागले. दिवे लागायला अजून अकरा मिनिटं होती. शेवटचं पान बदलावं, की साहेबांच्या हाती ते पुस्तक कधी पडू देऊ नये, याचा विचार करत युएलिंग ती अकरा मिनिटं बसून राहिली.